अंतर, किलोमीटरमध्ये

नगरपालिकेने बोर्ड दिलाय रंगवायला,
एस.टी. स्टँडच्या भिंतीला, सहा बाय चार,
निळ्यावर पांढरं.
वर ‘शहरातील प्रेक्षणीय स्थळे’,
खाली डावीकडे नाव, उजवीकडे अंतर.
यादी टाइप करून आली, सहीशिक्क्यासकट.
नऊ ओळी. दहावी बसत नाही,
मीच गजाने मोजून सांगितलं होतं.

थिबा राजवाडा.
‘थि’ची वेलांटी नेहमीसारखी जरा सुटलीच हातातून.
बिचाऱ्या राजाला त्याच्या गावाचं अंतर
कुणी असं भिंतीवर लिहून दिलं नसेल.

मत्स्यालय.
आत छताखाली देवमाशाचा सांगाडा.
तिसरीच्या सहलीत फासळ्या मोजत होतो,
सतराला बाईंनी दंड धरून ओढलं,
पुढच्या काचेत कासव होतं म्हणे.
माझा देवमासा अजून सतरावरच आहे.

दीपगृह. किल्ला. भाट्ये.
ही अक्षरं सोपी, चहा गार व्हायच्या आत होतात.

नाट्यगृह.
‘ट्य’ला ब्रश अडतो. अडू दे.
इथेच स्पर्धेच्या वर्षी, तिसऱ्या अंकात, वीज गेली,
आणि स्टेजवर दहा मिनिटं मरून पडलेला वासू किर
अंधारात हळूच म्हणाला,
“गेली काय सगल्यांची?”
बक्षीस गेलं.
वाक्य मात्र राहिलं शहरात.
अजून कुठल्याही आळीत दिवे गेले
की कुणीतरी अंगणातून विचारतंच,
आणि कुणीतरी हसतं, ज्याने नाटक बघितलेलंही नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

क्रीडासंकुल.
वाचनालय, त्यालाच लागून कलादालन.
कलादालनात माझी दोन चित्रं लागली होती एकदा,
पावसाचं पाणी उतरलं भिंतीतून,
त्यातलं एक जास्त चांगलं झालं.

नऊ झाल्या.

मग ब्रश धुताना आठवला धक्का.
जिथे बोर्ड नाही, तिकीट नाही, बाकडंही नाही,
नुसता कासम फणसोपकर,
लाँचवरचा जुना खलाशी, मांडीवर लुंगी खोचून,
भरतीच्या पाण्यात पोरांना पोहायला शिकवणारा.
पाठीला पांगाऱ्याचा ओंडका, कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला.
पैसे घेत नाही. शिव्या देतो.

बावन्न वर्षं मी या समुद्राची अक्षरं काढली,
होड्यांची नावं, कोळंबीचे भाव, ‘येथे पोहू नये’,
आणि मला पोहता येत नव्हतं.
घरातही ठाऊक नव्हतं कुणाला.
गेल्या मार्गशीर्षात गेलो, धोतराची बनियनशी गाठ मारून,
आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत शेवटी उभा राहिलो.
पाच वाजले होते.
पोरं हसली. कासम नाही हसला.
मी पाण्यावर दोन्ही मुठी आवळलेल्या,
तर म्हणाला,
“पानी तुला धरतंय.
तू कशाला पान्याला धरतोस?”

खारट, हिरवट, डिझेलचा वास आलेलं पाणी
नाकातून डोक्यात गेलं.
दोर सैल पडलेला मला कळला नाही.
माघारी वळून बघितलं तर धक्का
चाळीस हात लांब.
इतकंच अंतर मला नक्की सांगता येतं या गावात.

बोर्डाच्या खाली, पेंटर आपलं नाव लिहितो त्या कोपऱ्यात,
सर्वांत बारीक ब्रशने मी लिहिलं:
‘धक्का. भरतीला. सायं. ५ वा.’

तपासायला पालिकेचे सावंतदेसाई आले,
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
नऊ ओळी वाचल्या, कोपऱ्याशी वाकले.
मी गप्प. बिलाचा कागद हातात.
बराच वेळ वाकलेले राहिले ते.
मग म्हणाले,
“पाच कसं लिहिलंत?
भरती रोज पुढे सरकते ना, पाऊण तास?”

रॉकेलचा बोळा घेऊन मी पाचाचा आकडा पुसला.
तिथे आता जरासा पांढुरका डाग आहे.